मोकळा पाय

"काकी, खरं सांगा. काल अप्पांच्या ताटात काय होतं?"

शालनकाकी उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाकरी, मेथीची भाजी आन ताक."

"आणि परवा?"

"परवा भाकरी, कारलं आन ताक."

"मग जखम भरत का नाही?"

"ते तुमी सांगायचं, सिस्टर. शिकलेल्या तुमी."

मी कात्री उचलली. समोर खाटेवर अप्पा बसले होते आणि त्यांचा उजवा पाय वर्तमानपत्र अंथरलेल्या स्टुलावर माझ्यापुढे ठेवलेला होता. तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी जखम. अकरा आठवड्यांपूर्वी ती सदऱ्याच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या बटणाएवढी झाली होती. आठवड्यातून तीनदा मी स्कूटी काढून नऊ किलोमीटर खड्डे चुकवत यायचे, जखम धुवायचे, कडेची मेलेली कातडी कापायचे, पट्टी बांधायचे. पुढच्या खेपेला पट्टी सोडली की जखम होती तिथेच, कडेला तोच पांढरा घट्टा पुन्हा धरलेला. माझ्या केल्यासवरल्यावर पाणी.

"दुखतंय का?" मी कात्री लावता लावता विचारलं.

"अजाबात न्हाई," अप्पा अभिमानानं म्हणाले.

तेच तर होतं. साखरेनं त्यांच्या पायातली जाणीव केव्हाच घालवली होती. मी कातडी कापत असले तरी ते खिडकीबाहेर बघत उसाच्या तोडीबद्दल बोलायचे. त्यांच्या तळपायाला काही कळत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जायची ती माझ्या.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. चिपळूणहून घाटावर येऊन तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले होते, त्याला सव्वा वर्ष झालं होतं. कायम झाल्याची ऑर्डर अजून हातात पडायची होती. ज्यांना सारखं दवाखान्यात येणं जमत नाही, अशा पेशंटांची ड्रेसिंगं घरी जाऊन करायचं काम माझ्याकडे होतं. काम मला आवडायचं. माणसं मात्र डोकं फिरवायची. कुणी जखमेवर हळद चेपून ठेवायचा, कुणी पट्टी ओली करून परत वाळवून बांधायचा, आणि सगळे मिळून म्हणायचे की सिस्टरच्या हाताला गुण नाही. माझी जीभ तिखट होती. आजही आहे, पण आता सुटण्याआधी जरा थांबते.

सोपान गणपत खलाटे हे माझ्या यादीतले त्यातल्या त्यात बरे पेशंट, असं मी सुरुवातीला धरून चालले होते. ते निवृत्त पाटकरी. पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा सरकारी माणूस. कुणाच्या शेताचं दार किती वाजता उघडायचं आणि किती वाजता मिटायचं हे वरून लिहून यायचं, आणि अप्पा ते मिनिटाला मिनिट पाळायचे. एकदा वेळ संपली म्हणून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचं पाणी उभ्या भुईमुगात तोडलं होतं. मेव्हणा पुढे सात वर्षं दारात आला नाही. काकी ही हकीकत तक्रार म्हणून सांगायच्या आणि अप्पा शेजारी बसून कौतुक ऐकल्यासारखे ऐकायचे.

जखमेची सुरुवात चपलेतल्या खिळ्यापासून झाली. तळ फाडून खिळा वर आला होता आणि अप्पा दोन दिवस त्यावरून चालत होते. काकींनी फरशी पुसली आणि पाठोपाठ फरशीवर तांबडे ठिपके उमटत गेले, तेव्हा घरात कळलं. अप्पांना तोवर पत्ताच नव्हता.

त्यांना पहिल्यांदा दवाखान्यात आणलं तो सोमवार होता. बाहेर चाळीस-पन्नास माणसं बसलेली. आमचे सर्जन, डॉक्टर शिराळकर, हाताचे चांगले आणि तोंडाचे फटकळ. त्यांनी जखम पाहिली, औषधं लिहिली, जाड तळाची चप्पल लिहून दिली, मला म्हणाले, "ऑफलोडिंग. समजावून सांगा यांना, सिस्टर," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ते इंग्रजीत एक शब्द बोलून मोकळे झाले. त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं.

मी अप्पांना बाकावर बसवलं. मागून दोघं जण इंजेक्शनसाठी घाई करत होते. मी म्हटलं, "अप्पा, नीट ऐका. पाय मोकळा ठेवायचा. रोज. कंटाळा करायचा नाही. औषधापेक्षा हे महत्त्वाचं आहे. हे पाळलंत तर पाय राहील."

अप्पांनी शब्द उचलून परत म्हटला, "पाय मोकळा ठेवायचा. रोज. कंटाळा करायचा न्हाई."

"शाबास," मी म्हटलं, आणि इंजेक्शनं द्यायला गेले.

पुढचे अकरा आठवडे मी त्या घरात जे केलं त्याला शुश्रूषा कमी आणि पोलिसगिरी जास्त म्हणावं लागेल. आधी मी साखरेच्या मागे लागले. साखर दर आठवड्याला तपासली, तर ती बिचारी शहाण्यासारखी खाली बसलेली. मग मी काकींच्या डब्यांच्या मागे लागले. एकदा फळीवर सोनपापडीचा खोका सापडला आणि मी तोंडाचा पट्टा सोडला, तर आतून निघाली सुईदोऱ्याची रिळं. काकी म्हणाल्या, "खावा त्यातलं एक."

मग मी तंबाखूच्या मागे लागले. अप्पांनी तंबाखू निवृत्तीच्या दिवशीच सोडली होती. घरात अनवाणी फिरतात का, तर नाही, मोरीला जातानासुद्धा चप्पल. फार वेळ उभे राहतात का, तर त्यावर अप्पा म्हणाले, "हुबं कशाला ऱ्हाऊ? हुबं ऱ्हायचं आता काय काम हाय मला?" जखमेवर कुणी पाला लावला का, भस्म लावलं का, गरम पाण्यात पाय बुडवला का, सगळ्याचं उत्तर नाही. हे ऐकलं की मला जास्तच चीड यायची. चूक सापडली तर माणूस ओरडू तरी शकतो.

"तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय," मी एकदा सरळ म्हटलं.

अप्पांच्या चेहऱ्यावर मी चपराक मारल्यासारखा रंग आला. "म्या लपवतोय?"

"मग सांगितलेलं पाळता तरी का?"

"शब्दन् शब्द."

"बाकीचं ऱ्हाऊ द्या, पण ह्याला म्या साक्षी हाय," काकी मध्ये पडल्या. "पाय मोकळा ठेवायचं त्यांनी येक दीस चुकीवलं न्हाई. लेकीकडं बारामतीला ऱ्हायलो तरी आदी ते, मंग च्या."

"ते ठीक आहे हो," मी म्हटलं, "पण नुसतं तेवढ्यानं भागत नाही असं दिसतंय. अर्धवट पाळत असाल. आतापर्यंत पाळलंत त्याच्या दुप्पट पाळा. कळलं? दुप्पट."

"बरं," अप्पा म्हणाले.

त्या 'बरं'चा मला तेव्हा रागच आला होता. असली आज्ञाधारक माणसं मला खोटी वाटायची.

तेराव्या आठवड्यात जखमेला वास यायला लागला. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. फोटो काढला. शिराळकरांनी फोटो दिव्याच्या काचेवर लावला आणि अंगठ्याच्या मुळाच्या हाडावर पेन टेकवलं. तिथली कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती.

"पंधरा दिवस बघतो," ते म्हणाले. "इंजेक्शनं चालू करू. तेवढ्यात थांबलं तर थांबलं. नाहीतर कापावं लागेल. किती, ते तेव्हा बघू. अंगठा, कदाचित अर्धा पंजा. हे वर चढलं तर गुडघ्याखालून पाय."

अप्पांनी फक्त विचारलं, "म्हंजे दाराचं चाक फिरवताना टेकू देता यायचा न्हाई?"

"तुम्ही रिटायर आहात ना?"

"व्हय," अप्पा म्हणाले. "आसंच इचारलं."

परतताना मी त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि तिथेच रस्त्यावर पुन्हा एकदा बजावलं, "अप्पा, पंधराच दिवस आहेत. जीव तोडून पाळा."

त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा भ्यालेला होता. मी तो चेहरा पाहिला आणि मनात म्हटलं, आता तरी वठणीवर येतील.

चौथ्या दिवशी गुरुवार होता. त्या दिवशी नऊ वाजता दुसऱ्या गावी शाळेत तपासणी होती, म्हणून मी अप्पांचं ड्रेसिंग सकाळीच उरकायचं ठरवलं. एरवी मी दुपारी तीनच्या सुमाराला जायचे. त्या दिवशी साडेसहालाच निघाले आणि वेळ वाचावा म्हणून कालव्याच्या भरावावरची कच्ची वाट धरली. कालव्याला पाणी सुटलेलं होतं. पुढे एक माणूस काठी टेकत चालला होता. पाठीत ताठ, ठरावीक पावलं. उजव्या पायावर खताच्या पिशवीचा तुकडा सुतळीनं गुंडाळलेला, त्याखाली मी परवा बांधलेली पट्टी, त्याखाली जाड तळाची चप्पल.

मला आधी ते खरंच वाटेना. मग मी स्कूटी पुढे काढून आडवी घातली.

"या, सिस्टर," अप्पा म्हणाले. "आज सकाळच्यापारी?"

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, आणि आठवतंय ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तेरा आठवडे मी त्या पायापाठी जीव काढतेय, पेट्रोल जाळतेय, काकींवर आळ घेतेय, आणि हे महाशय रोज सकाळी कालव्यावर हवा खायला येतायत. माणसाला स्वतःच्या पायाची नाही तर निदान दुसऱ्याच्या श्रमांची तरी चाड असावी. पाय कापून हातात देतील तेव्हा कळेल. मी बोलत होते आणि अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

माझा दम संपल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, म्या हवा खायाला न्हाई आलो. मला तर चालायचा लई कंटाळा. तीस वर्सं ह्याच भरावावरनं रोजचं बारा किलोमीटर चाललोय म्या. रिटायर झालो तवा म्हटलं, सुटलो."

"मग कशाला आलात?"

"तुमीच सांगितलंय की."

"मी सांगितलं? मी?"

"पाय मोकळा ठेवायचा म्हणून. रोज. कंटाळा करायचा न्हाई." ते अगदी माझ्याच चालीवर म्हणत होते. "मोकळा ठेवायचा म्हंजे आखडू द्यायचा न्हाई. म्हणून सकाळी तिसऱ्या दारापातूर येतो, दीड किलोमीटर, आन परत जातो. आदी येकच खेप करायचो. तुमी म्हणाला दुप्पट, तवापास्नं सांजची बी करतो. चार दिसांमागं तुमी म्हणाला जीव तोडून, तर आता चौथ्या दारापातूर येतोय."

मी स्कूटीच्या सीटवर बसून राहिले. इंजिन चालूच होतं. ते बंद करायचं मला सुचलं नाही.

मी जिथे शिकले तिथल्या वॉर्डात आम्ही सगळ्या असंच म्हणायचो. पाय मोकळा ठेवा, म्हणजे त्याच्यावर भार टाकू नका, तो जमिनीला लावू नका. दिवसातून वीसदा म्हणून म्हणून तो शब्द आमच्या तोंडात बसला होता. आणि जेवण झालं की त्याच आम्ही मुली एकमेकींना म्हणायचो, चल गं, जरा पाय मोकळे करून येऊ. दोन्ही माझ्याच तोंडचं होतं. तेरा आठवड्यांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की समोरचा माणूस यातलं कुठलं ऐकतोय. मी त्यांना साखर विचारली, तंबाखू विचारली, सोनपापडी विचारली. 'चालता का?' हे एवढंच विचारलं नाही, कारण ते तर मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, असं मी धरून चालले होते.

मी दर वेळी चिडले आणि दर वेळी ते आणखी चालले.

"अप्पा," मी म्हटलं. "मोकळा ठेवायचा म्हणजे चालायचं नाही. अजिबात. पाऊलसुद्धा टाकायचं नाही. बसून राहायचं होतं तुम्ही."

कालव्याचं पाणी दाराच्या लोखंडी पत्र्याला घासत चाललं होतं. मग त्यांनी खाली आपल्या पायाकडे पाहिलं.

"म्हंजे म्याच घालीवला व्हय," ते म्हणाले.

"तुम्ही नाही."

"चाललो तर म्याच."

मला रडू येत होतं आणि ते येऊ द्यायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, "बसा मागे. तो पाय खाली सोडू नका." ते एखाद्या लहान पोरासारखे मुकाट्यानं बसले. उजवा पाय त्यांनी पुढे ताठ धरला होता, जमिनीपासून वीतभर वर, आणि घर येईपर्यंत तो त्यांनी तसाच धरून ठेवला.

काकी अंगणात भांडी घासत होत्या. मी गाडीवरूनच सगळं सांगितलं. तेव्हाच सांगितलं नसतं तर पुन्हा धीर झाला नसता. काकींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि मग त्या बोलल्या.

"मोकळा मोकळा काय लावलंय, बाई? 'चालू नका' म्हनायला तोंड दुखत हुतं का तुमचं? दोन शबूद हायती. शाळंत न गेलेल्या बाईला बी कळत्यात."

"चुकलं माझं, काकी."

"माज्या डब्यात हात घालून बघितलंत तुमी. माज्यावर इस्वास न्हवता. ह्यो मानूस सकाळी उठायचा आन म्हनायचा, शालन, आज आंगात कसकस हाय, पर जायाला पायजे, सिस्टरनी सांगितलंय. म्या बी म्हनायची, जावा, जावा. म्या धाडत हुते हो त्यास्नी."

एवढं म्हणून त्या आत गेल्या. दर खेपेला मला न विचारता चहा यायचा. त्या दिवशी आला नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

उरलेले अकरा दिवस अप्पांनी पाय जमिनीला लावला नाही. मी दवाखान्यातून कुबड्या आणून दिल्या, तर त्या काखेत धरून ते मोरीपर्यंत एका पायावर जायचे आणि येऊन खाटेवर लोडाला टेकून पडायचे. मी रोज जात होते, सुट्टीच्या दिवशीही. आठव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा जखमेची कड गुलाबी दिसली. पांढरा घट्टा पुन्हा धरला नव्हता. तेरा आठवड्यांत जे झालं नव्हतं ते आठ दिवसांत नुसतं बसून झालं होतं. मी कड अप्पांना आरशात दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "मंग आदीच भरली असती की."

त्यांना कुणाला टोचून बोलायचं नव्हतं. त्यांच्या मनात आलं ते ते बोलले.

पंधराव्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. काकी आल्या नाहीत, त्यांना ऐकवणार नाही म्हणाल्या. पुन्हा फोटो काढला. शिराळकरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि मान हलवली. वरून जखम सुधारत होती, आत हाड गेलं होतं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल, मुळातल्या हाडासकट, आणि ते परवाच. नाही काढलं तर पुढे पायच जाईल.

मग त्यांनी पाय उचलून तळवा पाहिला. अंगठा सोडून बाकीच्या चवड्यावरून बोट फिरवलं.

"हा घट्टा बघा," ते म्हणाले. "हा बसून होत नाही. हा माणूस चाललाय. रोज, आणि भरपूर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही यांना सांगितलं नव्हतंत का?"

मी तोंड उघडलं. मी खरंच उघडलं होतं. सांगायचं वाक्यही तयार होतं, रस्ताभर तेच घोळवत आले होते. पण त्यांची ती नजर चुकवून मी केसपेपराकडे पाहिलं, आणि तेवढ्यात अप्पा बोलले.

"सांगितलंवतं. रोज सांगत हुत्या. म्याच ऐकलं न्हाई."

"का?"

"सवय. तीस वर्सांची. पाय ऱ्हात न्हाई येका जागी."

"पाय राहत नाही म्हणे," शिराळकर म्हणाले. "आता राहील. तुमच्यासारख्या माणसांपुढे डोकं आपटून आम्ही मरायचं, आणि उद्या तुमचेच लोक येऊन विचारणार, दवाखान्यानं पाय का कापला." त्यांनी केसपेपर माझ्यापुढे सरकवला. "लिहा, सिस्टर. वारंवार स्पष्ट सूचना देऊनही रुग्णाने चालणे बंद केले नाही. मराठीत लिहा, वाचता येईल असं. खाली त्यांची सही घ्या. मी वॉर्डात जाऊन येतो."

ते गेले. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मी लिहिलं. 'वारंवार' लिहिलं, 'स्पष्ट' लिहिलं, ओळ पुरी केली आणि मग पेन टेबलावर ठेवलं.

"अप्पा, हे खोटं आहे. मी त्यांना सांगते. आत्ता जाऊन सांगते."

"आन मंग काय हुईल? बोट परत येनार हाय का?"

"पण तुमच्या नावावर हे लागणार. तुम्ही तर..."

"सिस्टर," ते हळू म्हणाले, "माजा पाय जुना हाय. तुमची नोकरी नवी हाय. तुमाला कायम करायचं बाकी हाय म्हणत हुता न्हवं मागं? द्या इकडं."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि नाकावर चढवला. कागद त्यांनी लांब धरला, मग जवळ आणला. ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. न वाचता सही केली असं त्यांनी नोकरीत कधी केलं नसावं. ओळ संपल्यावर ते पुन्हा सुरुवातीला गेले आणि त्यांनी ती परत वाचली. जिन्यात शिराळकरांची पावलं वाजायला लागली.

अप्पांनी टेबलावरचं पेन घेतलं.

"कुटं करायची?" त्यांनी विचारलं.

मी कागदावर बोट ठेवून त्यांना जागा दाखवली.